पडद्यावरची शाळा आणि पुस्तकातली शाळा

विज्ञान शिकवणाऱ्यांनी कोणता चित्रपट पाहावा असे विचारले, की 'ऑक्टोबर स्काय' हे नाव हटकून पुढे येते. आम्हीही तो अनेकांना सुचवला आहे. खाणीच्या गावातला एक मुलगा आकाशात स्पुटनिक पाहतो, मित्रांना जमवून अग्निबाण बनवू लागतो. वडिलांचा विरोध, बाईंचा पाठिंबा, आणि अखेर राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात यश. दिग्दर्शक जो जॉन्स्टन, वर्ष १९९९. शेवटी डोळे पाणावतात, हे आधीच कबूल करून टाकतो. परंतु ज्या पुस्तकावरून हा चित्रपट बेतला, ते होमर हिकम यांचे 'रॉकेट बॉईज' (१९९८) हे आत्मकथन वाचले आणि आमचा उत्साह बराच ओसरला. (चित्रपटाचे नाव पुस्तकाच्या इंग्रजी नावातलीच अक्षरे उलटसुलट करून बनवले आहे. पाहा जमवून!) दोन्हींत मुलगा तोच, गाव तेच, बाई त्याच. शाळा मात्र एक नाही. आणि हे मासिक शिक्षकांचे असल्यामुळे आपण त्या शाळेविषयीच बोलावे हे बरे.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. सगळा मुलूख डोंगरदऱ्यांचा, आणि डोंगरांच्या पोटात कोळसा. कोलवुड हे गाव पूर्णपणे खाण कंपनीचे होते. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, डॉक्टरसुद्धा कंपनीचा. हिकम यांचे वडील तिथल्या खाणीचे मुख्य व्यवस्थापक. कोलवुडच्या मुलांना हायस्कूलसाठी बसने डोंगर ओलांडून वॉर या गावी जावे लागे. (होय, गावाचे नाव खरोखरच 'युद्ध', जवळच्या ओढ्यावरून पडलेले.) तिथले बिग क्रीक हायस्कूल ही सरकारी शाळा होती. तिची ख्याती फुटबॉलसाठी. पण अग्निबाण उडवणाऱ्या पोरांनी आपल्या मंडळाला जे भारदस्त नाव घेतले ते शाळेचेच: 'बिग क्रीक मिसाइल एजन्सी'.

चित्रपटात ही शाळा म्हणजे एक वर्ग आणि एक बाई. मुख्याध्यापक आहेत ते अडथळा म्हणून. फ्रीडा रायली या विज्ञानाच्या बाई होमरला क्षेपणास्त्रांच्या रचनेवरचे एक जाडजूड पुस्तक देतात. पुढे वडील खाणीत जखमी होतात, होमर शाळा सोडून स्वतः खाणीत उतरतो, दिवसभराच्या कामानंतर रात्री ते पुस्तक वाचतो आणि एका झपाट्यात त्याला ते गणित येऊ लागते. म्हणजे कथेतले सर्वांत निर्णायक शिकणे घडते ते तो शाळेत नसताना! प्रत्यक्षात होमरने शाळा कधीच सोडली नव्हती. पटकथाकाराने नाट्य वाढवण्यासाठी एखादा अपघात घातला तर आमची तक्रार नाही. इथे मात्र त्या अपघाताच्या निमित्ताने शाळाच गोष्टीबाहेर ढकलली गेली आहे.

आता पुस्तकातले हेच वळण पाहा. मुलांचे अग्निबाण एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. त्यांना कळते, की पुढे जायचे तर कलन शिकायला हवे, नुसत्या अंदाजाने नळ्या कापून भागणार नाही. शाळेत कलनाचा वर्ग सुरू होतो, पण त्यात जागा सहाच. सातवे नाव येते, तेव्हा ज्याचे गुण सर्वांत कमी त्याला बाहेर पडावे लागते. तो होमर. त्याची जागा जाते ती जिच्यावर त्याचे मन जडले आहे त्या हुशार मुलीला. मग तो घरी पुस्तक घेऊन स्वतः शिकतो, आणि जे मित्र वर्गात बसतात त्यांच्याशी ताडून पाहतो.

संपूर्ण पुस्तकात हा प्रसंग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, आणि चित्रपटात तो औषधालाही नाही. का मोलाचा, ते शिक्षकांना सांगायला नको. लहान गावातल्या सरकारी शाळेत खरी चणचण बुद्धीची नसते, जागांची असते. एक शिक्षक, एक तास, सहा बाके. गुणांच्या क्रमाने आत घ्यायचे हा नियम वरवर न्याय्यच आहे. त्या मुलीने जागा मिळवली त्यात गैर काहीही नव्हते. तरीही ज्याला त्या विषयाची गरज हातातल्या कामामुळे पडली होती तोच बाहेर राहिला. गरज मोजणारी गुणपत्रिका त्या शाळेकडे नव्हती. आपल्याकडे तरी कुठे आहे? चित्रपटाने हा पेच गाळून त्याच्या जागी एकट्या मुलाची जिद्द बसवली. जिद्द पडद्यावर छान दिसते. बाकांची संख्या दिसत नाही.

चित्रपटातले विज्ञान कसे आहे? फारसे नाही, पण जे आहे ते शिक्षकाच्या उपयोगी पडेल असे आहे. मुलांवर जंगलाला आग लावल्याचा आळ येतो आणि होमर फळ्यावर गणित मांडून तो खोडून काढतो. अग्निबाण खाली येताना १४ सेकंद लागले, म्हणून तो सुमारे ३००० फुटांवरून पडला, असे तो सांगतो. सूत्र आपल्या नववी-दहावीतलेच: अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, भागिले दोन. गुरुत्वत्वरण सेकंदाला ३२ फूट प्रतिसेकंद घेतले, तर ३२ गुणिले १९६ भागिले २, म्हणजे ३१३६ फूट. मीटरमध्ये सुमारे ९६०. उत्तर बरोबर. वर्गात चित्रपट दाखवलाच तर इथे थांबवावा आणि विचारावे: या गणितात काय गृहीत धरले आहे?

हवा नाही, असे गृहीत धरले आहे. हवेचा अडथळा नसता तर १४ सेकंदांनंतर त्या नळीचा वेग सेकंदाला १३७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४९० किलोमीटर झाला असता. एवढ्या वेगाला हवा गप्प बसत नाही. अडथळ्यामुळे वस्तू तेवढ्याच वेळात कमी अंतर पडते; तेव्हा खरी उंची ३१३६ फुटांपेक्षा कमीच असणार. गंमत अशी, की ही चूक मुलांच्या बाजूचीच आहे. उंचीवरून अग्निबाण किती लांब जाऊ शकेल याचा अंदाज बांधायचा आणि बाकी सारे तसेच धरायचे, तर खरे अंतर फळ्यावरच्यापेक्षाही कमी भरेल आणि आग त्यांनी लावली असण्याचा संभव आणखी घटेल. 'उत्तर चुकले, पण निष्कर्ष का टिकला' हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. तासाचे सोने होईल. एक आणखी शंका: खाली येण्याचे १४ सेकंद मोजले कसे? चढण्याचा आणि पडण्याचा वेळ वेगळा काढायचा तर तो शिखरावर कधी पोचला हे कोणीतरी पाहायला हवे. पडद्यावर याचा पत्ता नाही. पुस्तकातली मुले उंची त्रिकोणमितीने काढतात. ठरलेल्या अंतरावर उभे राहायचे, शिखराचा कोन मोजायचा, त्याच्या टॅन्जंटने अंतराला गुणायचे. ६० मीटर अंतर आणि ४० अंशांचा कोन असेल, तर उंची ५० मीटर, अधिक मोजणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. कोनमापक, दोरा आणि एक वजन एवढ्यावर हे कोणत्याही शाळेच्या मैदानात होते.

नोझलच्या बाबतीत मात्र चित्रपटाने घोर कंजुषी केली आहे. पुस्तकातली मुले अडतात ती इथेच. अग्निबाणाच्या बुडाशी असलेली ही तोटी आधी निमुळती होत जाते आणि मग पुन्हा रुंदावते. स्वीडनचे अभियंता गुस्ताफ द लाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेच्या टर्बाइनसाठी ती योजली. (दुधातून साय वेगळी काढणारे फिरते यंत्रही त्यांचेच. दूधसंघाच्या गावात शिकवणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.) रबरी नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात उडते, हे मुलांना ठाऊक असते. मग वेग वाढवायचा तर तोटी पुढे रुंद कशाला करायची? उत्तर असे, की पाणी दाबले जात नाही, वायू दाबला जातो. तोटीच्या प्रत्येक छेदातून दर सेकंदाला जाणारे वस्तुमान सारखेच असायला हवे. वायूचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा कमी असतो तोवर तो पाण्यासारखाच वागतो, अरुंद जागेत वेग घेतो. सर्वांत अरुंद अशा घशात तो ध्वनीच्या वेगाला पोचतो. त्यापुढे वेग जितका वाढतो त्याहून जास्त झपाट्याने वायू विरळ होत जातो, आणि तेवढेच वस्तुमान पुढे जायला जास्त जागा लागते. म्हणून रुंदावणे. घसा किती, तोंड किती, हे इंधनावर आणि दाबावर ठरते, आणि त्यासाठीच त्या मुलांना कलन हवे होते. सहा बाकांच्या वर्गाची किंमत आता कळेल.

ही तोटी पोलादात कोरायची तर लेथ हवा. तो शाळेत नव्हता, कंपनीच्या कारखान्यात होता. पुस्तकात हा कारखाना म्हणजे जणू शाळेची दुसरी इमारतच आहे. तिथले कारागीर आधी भिडेखातर आणि मग ईर्षेने मुलांच्या आकृत्यांवरून नळ्या कापतात, चुका दाखवतात. वडील कुरकुरत का होईना, उड्डाणासाठी खाणीच्या टाकाऊ कोळशाची ओसाड जागा देऊ करतात. ते स्वतः पदवी नसलेले, वाचून-करून अभियंता झालेले गृहस्थ आहेत. चित्रपटात ख्रिस कूपर यांनी ही भूमिका फार समजून केली आहे. अभिमान आणि चीड एकाच चेहऱ्यावर दिसते. मात्र तिथे हा बाप बहुतेक काळ 'नाही' म्हणण्यासाठीच उभा आहे.

शाळेभोवतीच्या या गोतावळ्याचा कस लागतो तो शेवटी. १९६० साली इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात होमरने मांडलेल्या तोट्या आणि नळ्या चोरीला जातात. त्या वेळी कोलवुडमध्ये संप चालू आहे, कारखाना बंद. संपाचा तिढा सुटतो, कारागीर यंत्रापाशी उभे राहतात, नवी तोटी बसने रवाना होते, तेव्हा पारितोषिक मिळते. हा भाग पडद्यावरही आहे, आणि चांगला आहे. पण तो इतक्या घाईत उरकला आहे, की व्यवस्थापन, कामगार संघटना आणि शाळकरी मुलाचा प्रकल्प ही एकाच दोरीची टोके आहेत हे प्रेक्षकाला उमगण्याआधीच टाळ्या पडतात. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत दुकानातून आणलेल्या तयार प्रतिकृती ओळीने मांडलेल्या पाहिल्या, की आम्हाला ती बस आठवते. तालुक्याच्या गावात लेथवाला असतो, वेल्डिंगवाला असतो, पंप दुरुस्त करणारा असतो. त्यांपैकी किती जणांनी शाळेचे फाटक ओलांडलेले असते?

आणखी एक दुरुस्ती, आणि ती दोन्ही कृतींना लागू आहे. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सुटला. तो ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅमचा गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याच्या सीमेवर होता. गावोगावच्या लोकांनी आकाशातून सरकताना पाहिलेला तेजस्वी ठिपका बहुतेक वेळा उपग्रहाचा नव्हता. त्याच्यासोबत कक्षेत पोचलेल्या अवाढव्य अग्निबाणाच्या मधल्या टप्प्याचा होता. मुलाच्या आयुष्याला वळण लावणारा ठिपका रिकाम्या टाकीचा होता, याने गोष्टीची गोडी कमी होते असे आम्हाला वाटत नाही. त्या ठिपक्याचा दुसरा परिणाम दोन्हीकडे पुरेसा आलेला नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि चार वर्षांसाठी सुमारे एक अब्ज डॉलरची तरतूद केली. शाळांच्या विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या साहित्यासाठी त्यातून पैसा आला. ही मुले ज्या वर्षांत शिकत होती त्या वर्षांत सरकारी शाळेतले विज्ञान हा अचानक देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला होता. एका बाईंच्या प्रेरणेवर सारा भार टाकताना हे विसरून चालत नाही.

फ्रीडा रायली यांच्याविषयी लिहिताना मात्र हात आखडतो. पडद्यावर लॉरा डर्न यांनी त्या समंजस, थोड्या पोक्त केल्या आहेत. खऱ्या रायली बाई होमरला शिकवत होत्या तेव्हा विशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होत्या, विद्यार्थ्यांपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांना हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९६९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. चित्रपट त्यांच्या आजाराचा उपयोग अश्रूंसाठी करतो. पुस्तकात त्या आधी रसायनशास्त्र आणि मग भौतिकशास्त्र शिकवतात, मुलांना प्रदर्शनात उतरायला भाग पाडतात, आणि आपण केवळ पुस्तक दिले, त्यातले शिकण्याची हिंमत तुमची, अशा अर्थाचे बजावतात. शिक्षकाला देव्हाऱ्यात बसवले, की त्याच्या हातातले काम दिसेनासे होते.

पुस्तकही निर्दोष नाही. काही नावे बदलल्याचे आणि घटना जुळवून घेतल्याचे लेखक स्वतःच सांगतात, आणि काही संवाद फारच बेतशुद्ध वाटतात. मुली आहेत, पण बहुधा उड्डाणाच्या दिवशी बघ्यांमध्ये. कलनाच्या वर्गात शिरलेली ती एक मुलगी अग्निबाणांच्या मंडळात का नव्हती, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. कृष्णवर्णीय खाण कामगारांची मुले त्या काळी तिथे वेगळ्या शाळेत जात. भूगर्भात वडील एकत्र, जमिनीवर मुले वेगळी. यावर हिकम ओझरते बोलतात. 'सर्वांची शाळा' या शब्दांना त्या गावात तेव्हा कुंपण होते, हे शिक्षकाने तरी नजरेआड करू नये.

आता धोक्याचे. चित्रपट संपला, की मुले पहिला प्रश्न विचारतात तो कलनाचा नसतो, 'सर, त्यात काय भरले होते?' हा असतो. शोरा आणि साखर, पुढे जस्ताची पूड आणि गंधक, ही नावे चित्रपट आणि पुस्तक दोन्हीकडून कळतातच. पहिल्याच उड्डाणात आईच्या बागेचे कुंपण उडते तो प्रसंग विनोदी केला आहे. कुंपणाच्या जागी बोटे असू शकतात. त्या काळात अमेरिकेत अशी मुले जायबंदी होऊ लागली होती, आणि त्यावरचा तोडगाही त्याच १९५७ साली निघाला. नेब्रास्कातील नॉरफोक या लहान गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते. त्यांनी कागदी नळीचा हलका अग्निबाण आणि त्यात बसवायची कारखान्यात भरलेली, बदलता येणारी छोटी मोटर तयार केली. हॅरी स्टाइन या व्हाइट सॅण्ड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रातल्या माणसाने तिचे मोल ओळखले. मुलांनी स्वतः इंधन मिसळायचे नाही, धातूची नळी वापरायची नाही, हे नियम तिथून रुजले. 'ऑक्टोबर स्काय'मध्ये याचा उल्लेख नसणे आम्हाला अक्षम्य वाटते. एक पाटी पुरली असती. आपल्याकडे तर अशी मिश्रणे करणे १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते. मुलांची हौस भागवायची असेल, तर प्लॅस्टिकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप घ्यावा, उडवताना लांब उभे राहावे. न्यूटनचा तिसरा नियम तिथेही तोच आहे, आणि वर सांगितलेले कोनाचे गणितही.

चित्रपट कुणाला दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. दाखवावा, पण आधी पुस्तकातले कलनाच्या वर्गाचे प्रकरण मुलांना आपल्या शब्दांत सांगावे. वरच्या वर्गातल्या ज्यांचे इंग्रजी बरे आहे त्यांनी मूळ पुस्तकच वाचावे. भाषा सोपी आहे.

चित्रपटाच्या अखेरीस कोणाचे पुढे काय झाले हे सांगणाऱ्या पाट्या येतात. होमर हिकम अमेरिकेच्या अवकाश संस्थेत अभियंता झाले आणि अंतराळवीरांच्या प्रशिक्षणात त्यांनी काम केले. शाळेविषयी पाटी नाही. १९९९ मध्ये ती चालूच होती. पण कोळशाचे काम आटत गेले तशी माणसे निघून गेली. १९५० च्या जनगणनेत मॅकडॉवेल कौंटीत ९८,८८७ लोक होते, २०२० मध्ये १९,१११ उरले. २००१ साली राज्य सरकारने कौंटीच्या शाळांचा कारभार आपल्या हाती घेतला, तो २०१३ पर्यंत ठेवला. या मधल्या काळात, २०१० मध्ये, बिग क्रीक हायस्कूल बंद करण्यात आले आणि आयेगर येथील हायस्कूलबरोबर नव्या रिव्हर व्ह्यू हायस्कूलमध्ये विलीन झाले.